ग्वांगझौला आहे, सहावा आठवडा, डाग जातोय. चिनी काढा घेऊ का?

पारिजातक

नमस्कार. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या आम्ही चीनमध्ये, ग्वांगझौला राहतो. याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. पहिल्यांदा आठव्या आठवड्यात. दुसऱ्यांदा ठोके दिसले होते, आईला फोन करून सांगितलंही होतं, आणि दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. आता परत दिवस गेलेत, सहावा आठवडा चालू आहे. परवापासून तपकिरी डाग जातोय. थोडाच, पण दिसला की पायातलं बळ जातं.

इथल्या हॉस्पिटलमध्ये लगेच सोनोग्राफी केली. पिशवी गर्भाशयातच आहे, ठोके अजून दिसत नाहीत, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. डायड्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या, गोळ्या दिल्यात. त्याच डॉक्टरबाईंनी त्याच इमारतीतल्या चिनी वैद्यकाच्या विभागात पाठवलं. इथे हे अगदी सर्रास चालतं म्हणे, 'बाओताय' म्हणतात, गर्भ टिकवण्याचे उपचार. तिथल्या वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, कंबर दुखते का, पाय गार पडतात का, रात्री लघवीला उठावं लागतं का, असं बरंच विचारलं. मग म्हणाल्या, मूत्रपिंड कमजोर आहे. मी घाबरलेच. माझं क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे!

आठवडाभराचा काढा दिलाय. त्यांच्याच औषधालयात उकळून, प्लॅस्टिकच्या बंद पाकिटांत. सकाळ-संध्याकाळ एकेक, गरम पाण्यात ठेवून कोमट करून प्यायचं. चिठ्ठी ॲपमध्ये घालून वाचली ती अशी: अमरवेलीचं बी २० ग्रॅम, तुतीवरचं बांडगूळ १५, 'शूद्वान' नावाचं मूळ १५, 'बाइझू' नावाचं मूळ १५, 'अज्याव' १०, ज्येष्ठमध ५. अज्याव म्हणजे गाढवाच्या कातड्याचा डिंक असं ॲप सांगतं. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही.

याशिवाय तयार गोळ्यांची एक डबी आहे, 'त्झशन यूताय वान' अशा नावाची. ती अजून उघडलेली नाही.

शेजारच्या चिनी काकू रोज दार वाजवून विचारतात, काढा घेतला का. त्यांच्या मुलीचं असंच डाग जात असताना याच काढ्यानं टिकलं, आता नातू बालवाडीत जातो. सासूबाई सांगलीहून म्हणतात, चिनी काही घेऊ नको, मी ओळखीच्या माणसाबरोबर गर्भपाल रस हे आयुर्वेदिक औषध पाठवते. नवरा म्हणतो, दोन्ही नको. आणि मला रात्रभर एकच वाटत राहतं, घेतलं नाही आणि काही झालं, तर ते माझ्यामुळेच झालं असं आयुष्यभर वाटेल.

ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी कृपया लिहा. पाकिटं फ्रिजमध्ये पडून आहेत.

माडाची_सावली

पारिजातक, आधी तुला घट्ट मिठी.

मी सिंगापूरला असते. माझंही पहिलं राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी नवव्या आठवड्यात लाल डाग गेला तेव्हा ऑफिसमधल्या चिनी मैत्रिणीनं तिच्या वैद्याकडे नेलं. इथे चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते, त्यामुळे भीती वाटली नाही. काढा कडू होता, पण घेतला, गोळ्याही घेतल्या. मुलगा आता तिसरीत आहे. मी तर म्हणेन घे. त्या वैद्यबाई जितका वेळ माझ्याशी बोलल्या तितकं गायनॅकनं कधी विचारलंच नव्हतं. तिथून बाहेर पडले की दोन घास जेवण जायचं. हेही काही कमी नाही.

आणि हो, त्यांच्यातही पहिले तीन महिने कुणाला सांगत नाहीत. खिळे ठोकायचे नाहीत, पलंग हलवायचा नाही, गर्भाचं दैवत दुखावतं म्हणतात. मला आजीच आठवली.

खलबत्ता

पारिजातक, तुझी चिठ्ठी नीट वाचली. मी फार्मसिस्ट आहे. पुण्यात शिकले आणि गेली बरीच वर्षं हाँगकाँगमध्ये काम करतेय. आमच्याकडे येणाऱ्या बायका प्रोजेस्टेरॉनची चिठ्ठी आणि काढ्याची चिठ्ठी एकाच पर्समधून काढतात. ते दोन कागद शेजारी ठेवून वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, सावकाश वाच.

आधी भीती काढून टाकते. तुझ्या मूत्रपिंडाला काहीही झालेलं नाही. चिनी वैद्यकात मूत्रपिंड हे प्रजननाच्या मूळ सत्त्वाचं घर मानतात. कंबर दुखणं, पाय गार पडणं, रात्री लघवीला उठणं, गर्भ न टिकणं, या सगळ्याचा संबंध ते तिथे लावतात. तुझ्या क्रिएटिनिनशी त्याचा काही संबंध नाही.

आता काढा. तुला दिलेला पाठ, म्हणजे औषधाची कृती, नावाजलेला आहे. अमरवेलीचं बी, बांडगूळ, शूद्वान आणि अज्याव, या चारांचा मिळून 'शौताय वान' नावाचा पाठ होतो. हबै प्रांतातले वैद्य झांग शीछुन (१८६० ते १९३३) यांनी तो बांधला. तुझ्या वैद्यबाईंनी त्यात बाइझू आणि ज्येष्ठमध घातलंय. बाइझू तर त्याहून कितीतरी जुनं. चौदाव्या शतकातल्या झू दानशी यांनी बाइझू आणि ह्वांगछिन ही गर्भ शांत करणारी सर्वोत्तम औषधं मानली होती. झांग शीछुन यांचा विचार मला फार आवडतो. अमरवेल दुसऱ्या झाडाचा रस ओढून जगते, बांडगूळही तसंच. पोटातला गर्भ आईचं सत्त्व असंच नीट ओढून घेऊ लागला तर तो खाली यायचा नाही, असं त्यांनी मांडलं. हाच माणूस त्या काळात ॲस्पिरिन आणि जिप्सम एकत्र करून ताप उतरवायला देत होता. नव्याला घाबरणारा वैद्य नव्हे तो.

(आपल्याकडे कुंपणावर पिवळी जाळी पसरते ती अमरवेल याच कुळातली, पण जात वेगळी. वाचणाऱ्या कुणी ती तोडून उकळू नका. तिचे गुण वेगळे, आणि गर्भारपणात ती चालते असं म्हणायला काहीही आधार नाही.)

तर हा काढा गर्भ टिकवतो का? इथे मला शेजारच्या काकूंपाशी यावं लागेल. माडाची_सावली, तुझ्यापाशीसुद्धा. तुम्ही दोघी खरं तेच सांगताय, त्याबद्दल शंका नाही.

ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली, प्रिझम नावाची. २०१९ साली तिचे निष्कर्ष छापून आले. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायका होत्या. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. ज्यांना खरं औषध मिळालं नाही, त्यांच्यातल्याही ७२ टक्के बायकांना जिवंत मूल झालं. हा आकडा परत वाच, पारिजातक. डाग गेला, औषध मिळालं नाही, तरी शंभरातल्या बहात्तर जणींच्या हातात मूल आलं. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत हा आकडा ७५ होता.

म्हणजे डाग दिसल्यावर शंभर जणींना काहीही दिलं, काढा, गोळ्या, अंगारा, नुसतं साखरपाणी, तरी त्यातल्या सत्तरेक जणी पुढे सांगणारच, 'मला त्यानेच आलं.' आणि त्या मनापासून सांगतील. राहिलेल्या जणी काही सांगायला येत नाहीत, त्या गप्प बसतात. म्हणून शेजारीपाजारी विचारलं की प्रत्येक औषध लागू पडलेलंच ऐकू येतं. काकूंच्या मुलीचं मूल काढ्यानं टिकलं की तसंही टिकणारच होतं, हे त्या एका मुलीकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या वैद्यालाही नाही.

मग ज्यांनी शेकडो बायका घेऊन तपासलं त्यांना काय दिसलं? गर्भ टिकेल की नाही अशा अवस्थेतल्या चिनी औषधांचा एक कॉक्रेन आढावा (एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा) २०१२ मध्ये आला. करणारे हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतले, म्हणजे या औषधांना परकं मानणारे लोक नव्हेत. ४४ चाचण्या, ५,१०० बायका. त्यात काढा आणि आधुनिक औषध दोन्ही घेतलेल्यांचे निकाल नुसतं आधुनिक औषध घेतलेल्यांपेक्षा बरे दिसले. पण चाचण्यांचा दर्जा कमी होता, आणि औषध नसलेल्या काढ्याशी किंवा नुसत्या आरामाशी तुलना करणारी एकही चाचणी त्यांना मिळाली नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्यांसाठीचा आढावा २०१६ चा, त्यात अवघ्या ९ चाचण्या आणि ८६१ बायका. तिथेही आधार कच्चाच. माझं मत विचारशील तर, या काढ्यात काही असेलही. मी ते नाकारत नाही. पण 'घेतला नाही म्हणून गेलं' असं म्हणण्याइतका पुरावा जगात कुठेही नाही. तुझ्या रात्रभराच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि ते मी पूर्ण खात्रीनं देतेय.

सुरक्षिततेचंही बोलायला हवं, कारण वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असं चिनी वैद्यसुद्धा मानत नाहीत. गर्भारपणात काय द्यायचं नाही याची पद्यातली यादी ते पाठ करतात. करडई, जर्दाळूसारख्या एका फळाच्या बिया, रेवाचिनी, जळवा अशी रक्त हलवणारी किंवा पोट साफ करणारी द्रव्यं ते गर्भारपणात टाळतात. तुझ्या चिठ्ठीत यातलं काही नाही. तैवानमध्ये १९८४ ते १९८७ दरम्यान जन्मलेल्या १४,५५१ बाळांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत 'आनताय यिन' नावाचा गर्भरक्षक काढा घेतल्याचा डोळ्यांच्या आणि हाडा-स्नायूंच्या काही जन्मजात दोषांशी संबंध दिसला. दोष असलेली बाळं मोजकी होती आणि त्या काढ्यानंच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. तो काढाही तुझ्यापेक्षा वेगळा. तरी पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीही पोटात घालताना मी कचरते ते अशा नोंदींमुळे.

आणि हे फक्त चिनी औषधांचं नाही. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४० च्या दशकापासून गर्भपात टाळायला देत होते. मोठ्या, शिकलेल्या डॉक्टरांनी दिलं. १९५३ मध्येच शिकागोच्या चाचणीत दिसलं की त्याचा उपयोग होत नाही. तरी देत राहिले, कारण घेणाऱ्या बहुतेकींची मुलं टिकतच होती! शेवटी १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग आढळला आणि त्याचं मूळ त्यांच्या आयांनी घेतलेल्या त्या गोळ्यांत सापडलं. फार्मसीच्या वर्गात हे शिकले तेव्हापासून 'इतक्या जणींना लागू पडलं' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते, न घेतलेल्यांचं काय झालं?

आता तुझ्या फ्रिजमधल्या पाकिटांचं. मी तुझ्या जागी असते तर डायड्रोजेस्टेरॉन सांगितल्याप्रमाणे चालू ठेवलं असतं आणि आधीच्या दोन वेळांची कारणं कळेपर्यंत काढा बाजूला ठेवला असता. पण तुला घ्यायचाच असेल, मनाला आधार वाटत असेल, तर मी तुला वेड्यात काढणार नाही. मात्र मग चिठ्ठीतलं प्रत्येक नाव तुझ्या गायनॅकच्या कागदावर लिहून घे. तुझी चिठ्ठी हॉस्पिटलची आहे, नावं आणि ग्रॅम उघड लिहिलेत, ही मोठी गोष्ट. नाव नसलेली पूड, 'आमचं घराण्याचं गुपित' म्हणून दिलेल्या गोळ्या, टपरीवरचा हर्बल चहा (ग्वांगझौत तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो), यातलं काहीही नाही म्हणजे नाही. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात चिनी औषधात एका मुळाच्या जागी दुसरंच मूळ गेलं, नावं सारखी होती म्हणून. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लानं कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली.

डबीतल्या गोळ्यांबद्दल मी जास्त सावध आहे. त्झशन यूताय वान हे ग्वांगझौचेच नामवंत वैद्य लुओ युआनखाय यांचं औषध, तुझ्या शहरात त्याला फार मान आहे. त्याची एक चांगली चाचणी आहे, खोट्या गोळ्यांशी तुलना केलेली, २,२६५ बायकांची, २०२२ मध्ये छापलेली. जिवंत मूल झालेल्या २६.८ टक्के विरुद्ध २३ टक्के. पण त्या बायका आयव्हीएफ करणाऱ्या होत्या. डाग जाणाऱ्या गर्भाचं उत्तर त्यात शोधू नये. आणि त्यातल्या पंधरा द्रव्यांत हशौवू नावाचं मूळ आहे. हशौवू असलेल्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांनी यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा चीनच्याच औषध प्रशासनानं २०१४ मध्ये दिला. काढा आणि डबी दोन्ही एकदम तर मुळीच नको. तीच द्रव्यं दोन वाटांनी दुप्पट जातात.

गोदाकाठ

मी नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. खलबत्ता यांनी औषधांचं लिहिलंय त्यावर मला भर घालायची नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ताई, तुमचे आधीचे दोन गेले त्यांची तपासणी झाली होती का?

लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिथे कुठलंही औषध, कुठल्याही पद्धतीचं, उपयोगी पडत नाही. आणि त्यात आईची काही चूक नसते. जिना चढलात, प्रवास केलात, पपई खाल्लीत, रडलात, यानं होत नाही. पडून राहिल्यानं टिकतं असाही पुरावा नाही. रक्तस्राव जास्त असेल तर आराम करा, पण बाथरूमपर्यंत चालायला घाबरू नका.

युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन गर्भपात झाले की तपासण्या कराव्यात, तिसऱ्याची वाट बघू नये. तुमच्या बाबतीत दहाव्या आठवड्यातला, ठोके दिसल्यानंतरचा, माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्तात गुठळ्या करणाऱ्या) बघायला सांगा. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. हा दोष निघाला तर कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं, हा उपचार आहे आणि त्यानं फरक पडतो. थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार हेही बघून घ्या. आणि ॲस्पिरिन-हेपारिन चालू झालं तर त्यावर रक्त पातळ करणारी चिनी द्रव्यं, दांगग्वी वगैरे, नकोत.

प्रोजेस्टेरॉन चालू ठेवा. प्रिझममध्ये तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या आणि डाग गेलेल्या बायकांत फरक स्पष्ट होता, ७२ टक्के विरुद्ध ५७. ते योनीमार्गे द्यायचं प्रोजेस्टेरॉन होतं, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनं नोव्हेंबर २०२१ पासून डाग जाणाऱ्या आणि आधी गर्भपात झालेल्या बायकांना तेच सुचवलंय. तुमच्या डॉक्टरांशी याबद्दल बोला.

अजून एक. तुमचा रक्तगट सांगा. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणी आरएच निगेटिव्ह असतात, चिनी हान लोकांत मात्र हे अगदी विरळा. त्यामुळे तिथे कुणी आपणहून याचा विचार करेलच असं नाही.

एका बाजूला असह्य दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली किंवा तासाला पॅड भिजायला लागलं, तर काढा-गोळ्या-धागा सगळं सोडून इमर्जन्सी.

पारिजातक

सगळ्यांचे खूप आभार. 'बहात्तर' हा आकडा नवऱ्याला वाचून दाखवला, आणि आम्ही दोघंही रडलो.

डॉक्टर, माझा बी पॉझिटिव्ह आहे. थायरॉइड झालंय, नॉर्मल. अँटिबॉडीज कधीच झाल्या नाहीत. आधीच्या दोन्ही वेळी 'होतं असं, परत प्रयत्न करा' एवढंच सांगितलं गेलं. उद्याच जाऊन ती नावं दाखवते.

खलबत्ता, दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंचा गर्भपाल रस? त्यांना नाही म्हणणं जड जातंय, त्यांनी सांगलीत सगळी तजवीज केलीसुद्धा. आणि काढा बाजूला ठेवला तरी त्या वैद्यबाईंना काय सांगू? त्या फार प्रेमानं वागतात. त्यांच्याकडे जायचं बंद करावंसं वाटत नाही.

खलबत्ता

गर्भपाल रस अजिबात नको, आणि याबाबत मी काढ्यापेक्षाही ठाम आहे. त्याच्या पाठात हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि नागभस्म आहे, म्हणजे शिसं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिसं सापडलं होतं. त्यातल्या बहुतेक भारतात जन्मलेल्या, म्हणजे तुझ्या-माझ्यासारख्याच. शिसं वार ओलांडून बाळापर्यंत जातं, आणि आईच्या हाडांत जाऊन बसतं. सासूबाईंना असं सांग की फार्मसिस्टनं सध्या पोटात दुसरं काहीही घ्यायला नको म्हणून सांगितलंय. ते खरंही आहे, गोदाकाठ डॉक्टरही तेच म्हणतील. त्यांना काहीतरी करायचंय, तुझ्यासाठी जीव तुटतोय त्यांचा. मेतकूट, भाजणी, लिंबाचं लोणचं मागव. सहाव्या-सातव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली की तेवढंच तोंडाला चव देईल.

वैद्यबाईंकडे जायचं मुळीच बंद करू नकोस. माडाची_सावली यांनी लिहिलेलं मला फार महत्त्वाचं वाटलं, तिथून बाहेर पडलं की जेवण जायचं. ऑस्लोमध्ये १९८४ साली १९५ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळी वारंवार गर्भपात झालेली. ज्यांच्यात काहीच कारण सापडलं नाही अशांपैकी ज्यांना दर आठवड्याला बोलावून तपासलं, धीर दिला, त्यांच्यात ८६ टक्के गर्भ टिकले. ज्यांना असं काही मिळालं नाही त्यांच्यात ३३ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, संख्या लहान होती, त्यामुळे हा आकडा मी औषधासारखा मोजून देणार नाही. पण दर आठवड्याला कुणीतरी मनगट हातात घेऊन 'झोप लागली का' विचारणं, हे सोडून द्यायची गोष्ट नाही. यात पोटात काही जात नाही.

त्यांना सरळ सांग की गोळ्यांबरोबर काढा घ्यायला माझ्या घरच्यांना भीती वाटते, तपासण्यांचे निकाल येईपर्यंत थांबते, पण नाडी दाखवायला येत राहीन. चिनी हॉस्पिटलमधले वैद्य आधुनिक रिपोर्ट वाचायला शिकलेले असतात, त्यांना यात अपमान वाटणार नाही. पुढे कधी घ्यायचं ठरलंच तर अज्यावबद्दल आधीच बोल. ते खरोखरच गाढवाच्या कातड्यापासून करतात, शानदोंगमधल्या दोंग-अ गावची त्याची ख्याती. त्या व्यापारापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कमी होऊ लागली की आफ्रिकी संघानं फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यासाठी गाढवं मारायला बंदी घातली. शाकाहारी आहे म्हणून सांगितलंस तर अज्याव वगळून चिठ्ठी लिहून देतात, नेहमीचंच आहे ते. डबीतल्या गोळ्यांत अज्याव आणि हरणाच्या शिंगाचा भाग दोन्ही आहेत, ते मात्र वगळता येत नाहीत.

ज्येष्ठमधही कमी करायला सांग. फिनलंडमध्ये गर्भारपणात ते भरपूर खाल्लेल्या आयांच्या मुलांच्या बुद्धीवर आणि वागण्यावर परिणाम दिसला, तिथे गर्भवतींना ते टाळायलाच सांगतात. पाच ग्रॅम काढ्यात थोडं वाटतं, पण रोज दोन वेळा आणि आठवड्यांमागून आठवडे जातं.

उद्या अँटिबॉडीजसाठी रक्त देशील तेव्हा त्याच सुईत यकृताची एएलटी तपासणीपण करून घे. आतापर्यंत काढ्याची किती पाकिटं प्यायलीस, की एकही नाही, ते लिहिलं नाहीस. तेही डॉक्टरांना सांग, आणि सोनोग्राफी झाली की इथे लिही.